लोखंडी पात्याची विळी घेतली त्याला दीड महिना झाला, आणि 'चिरणे' म्हणजे काय ते नीट कळलं

आधी वस्तूबद्दल सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीतून घेतली, घडीची विळी, पाट सागवानी नाही पण जड लाकडाचा आहे, पातं लोखंडी म्हणजे स्टेनलेस नाही, टोकाला नारळ खवायची दातेरी चकती. साडेपाचशे रुपये पडले. स्टीलची त्याच दुकानात साडेतीनशेला होती. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

ही विळी मी घेतली त्याचं कारण एक चॉपर. तो दोरी ओढायचा असतो ना, प्लॅस्टिकच्या भांड्यात तीन पाती, वरचं झाकण लावायचं आणि सर्रसर्र दोरी ओढायची. ऑनलाइन मागवला होता, कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांचे साधारण सारखेच असतात. खोक्यावर मराठीत लिहिलं होतं की दहा सेकंदात भाजी चिरा. मी कांदा टाकला, दहा वेळा ओढली, उघडून बघितलं तर अर्धा कांदा पाणी सुटलेला लगदा आणि अर्ध्याचे बोराएवढे ठोकळे तसेच. अजून ओढली तर ठोकळे बारीक झाले पण लगद्याची चटणी झाली. पोह्यांना तो कांदा घातला तर तेलात परतायच्या ऐवजी शिजायलाच लागला, फोडणीत नुसती वाफ, रंग येईचना. तेव्हा आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं तो कांदा चिरलेला नाहीच, तो ठेचलाय." हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. कारण तिने तक्रार चॉपरची केली नव्हती, क्रियापदाची केली होती. खोक्यावरचा शब्दच चुकीचा होता.

तेव्हापासून मी या शब्दाकडे लक्ष द्यायला लागले आणि जितकं बघेन तितकं वाटायला लागलं की आपल्याकडे चिरणे आणि कापणे हे एकाच गोष्टीचे दोन शब्द नाहीतच. कापणे म्हणजे शेवटी दोन तुकडे झाले पाहिजेत. केक कापतात, फीत कापतात, केस कापतात, एक भाग इकडे आणि एक भाग तिकडे, पगारातून पैसे कापतात ते पण तसंच, तुमच्याकडून निघाले आणि गेले. चिरणे मात्र हालचालीचा शब्द आहे. धार लागते, ती ओढत ओढत पुढे जाते, आणि मागे एक लांब भेग राहते. तुकडे होतीलच असं नाही. भरली वांगी करताना देठ तसंच ठेवून वांग्याला चार चिरा देतो, वांगं चिरलेलं असतं पण अखंड असतं, मसाला आत बसतो आणि रश्शात फाकत नाही. त्याच वांग्याला कुणी कापलं म्हणालं तर माझ्या डोळ्यासमोर फोडी येतात. मिरची तर बघाच, आमटीत 'उभी चिरून' घालतात, उभी कापून घाला असं मी घरात कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. कागदाने बोट चिरतं, विळीने कापतं. हा फरक लहान मूलसुद्धा न शिकवता बरोबर करतं, माझा सात वर्षांचा मुलगा वहीच्या पानाने लागलं तेव्हा 'चिरलं' म्हणाला, 'कापलं' नाही म्हणाला, आणि मी त्याला हे कधीच सांगितलेलं नव्हतं.

आणि लाकडाचं घ्या. झाड तोडतात. ओंडका वखारीत नेऊन चिरतात, म्हणजे लांबीच्या दिशेने करवत चालवून फळ्या काढतात. फळी मापाला आडवी कापतात. आणि चुलीचं जळण फोडतात. एकच झाड, चार क्रियापदं, आणि एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. जळण चिरलं म्हटलं तर सुतार हसेल.

आता विळीकडे येते. विळीवर हा फरक हाताला कळतो, सुरीवर तितका कळत नाही. सुरीत आपण धार वरून खाली दाबतो, भाजी खाली बोर्डावर पडून असते. विळीत पातं उभं आणि स्थिर, पाटावर पाय दाबून बसायचं आणि भाजी दोन्ही हातांनी धरून पात्यावरून पुढे सरकवायची, म्हणजे धार हलत नाही, भाजी हलते, आणि ती सरळ दाबली जात नाही तर बाकदार पात्यावरून घसरत जाते. घसरत गेली की चिरली जाते. दाबली की चेचली जाते. कांद्याचं पाणी डोळ्यांत जातं ते या चेचण्यानेच जास्त, बोथट धारेखाली कांद्याच्या पेशी जास्त फुटतात आणि त्यातून तो झोंबणारा वायू जास्त निघतो, धारदार पात्यावर सरकन गेला की कमी. मी दीड महिना रोज चार-पाच कांदे चिरतीये आणि डोळ्यांना पदर लावायची वेळ दोनदाच आली, दोन्ही वेळा धार गेलेली होती.

पहिला आठवडा अवघड गेला हे सांगायला हवं. मला जमिनीवर बसून काम करायची सवय राहिलेली नव्हती, गुडघा दुखला, आणि मनात भीती, एवढं मोठं उघडं पातं आपल्याकडे तोंड करून उभं. आई कुडाळहून आली होती तेव्हा तिने शेजारी बसून दाखवलं. माझ्या माहेरी विळीला आडाळो म्हणतात, आईच्या तोंडात तोच शब्द. तिने सांगितलं की बोटं पात्याच्या मागे जायला नकोत, भाजी ढकलणारा हात मुठीत ठेवायचा आणि अंगठा आत. पालेभाजीची जुडी एका मुठीत गच्च धरायची आणि दुसऱ्या हाताने मागून थोडी थोडी पुढे द्यायची, मूठ जितकी घट्ट तितकं बारीक चिरलं जातं. सुरीवर कोथिंबीर चिरायला मला बोर्डभर पसारा लागायचा, इथे मुठीतून सरळ ताटात पडते, एक काडी बाहेर जात नाही. कोबी तर विळीवरच चिरावा असं माझं आता ठाम मत झालंय, अर्धा गड्डा धरला आणि सरकवला की केसासारखा बारीक आणि लांब निघतो, भाजीला पाणी सुटत नाही. चॉपरमधल्या कोबीचा भुसा होतो.

एक मात्र लक्षात ठेवा, सगळं चिरायचं नसतं. आई बसली होती तेव्हा मी उत्साहाने गवार पण विळीवर घेतली तर तिने हातातून काढून घेतली. गवार मोडायची. हाताने मोडली की कडेचा दोरा आपोआप सुटून येतो, चिरली की तो आतच राहतो आणि दातात अडकतो. मेथी निवडायची आणि खुडायची. मटार सोलायचे. दुधी आधी तासायचा. काकडी खमंग करायची असेल तर चोचवायची, म्हणजे हातात उभी धरून सुरीच्या धारेने टचटच खाचे मारायचे आणि मग वरून पातळ उतरवायची, चोचवलेल्या काकडीत आणि किसलेल्या काकडीत जमीन-अस्मानाचा फरक, किसलेली पाणी सोडते आणि चोचवलेली कुरकुरीत राहते. ओला नारळ खवायचा, सुकं खोबरं किसायचं. बर्फी थापल्यावर वड्या पाडायच्या, कापायच्या नाहीत. करंजीची कड कातायची. सुपारी अडकित्त्याने कातरायची. फणस फोडायचा. तुळस तर खुडायचीच, तोडायची नाही, आजी तुळस तोडली म्हटलं तरी रागवायची. आता मला सांगा, रेसिपीच्या व्हिडिओत सगळीकडे 'भाज्या कट करून घ्या' म्हणतात तेव्हा या सगळ्या हालचाली एका डब्यात जातात ना. जी नवीन मुलगी किंवा मुलगा त्या व्हिडिओवरून शिकणार त्याला गवार मोडायची असते हे कळणार कुठून, शब्दातच सूचना होती आणि शब्दच काढून टाकला. मला इंग्रजी शब्दांचं वावडं नाही, मी पण दिवसभर मीटिंग, डेडलाइन करते, पण इथे 'कट' म्हटल्याने नुसता शब्द जात नाही, कृती जाते. याचा मला खरंच त्रास होतो.

माझं सासर सांगलीकडचं. सासूबाई विळीला इळी म्हणतात. त्यांनी माझी विळी बघितली, पात्यावर नख फिरवलं आणि म्हणाल्या, पाणी चांगलं दिलंय. पाणी देणं म्हणजे लोहार तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करतो ते. त्यांच्याकडे शेती, त्यामुळे त्यांच्या तोंडात तर वेगळीच यादी. ऊस तोडतात, ऊसतोड हा शब्दच आहे, उसाला 'तोड आली' म्हणतात. शाळू काढतात आणि कणसं खुडतात. द्राक्षाची छाटणी, ती पण वर्षातून दोन वेळा, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, तासगावकडे कुणाच्याही घरी गेलात तर गप्पा छाटणीच्या तारखेवरून सुरू होतात. आणि माझ्या माहेरी कोकणात भाताची कापणी. मी त्यांना विचारलं की तुम्ही ऊस कापला का म्हणत नाही, तर त्या म्हणाल्या, "अगं कोयत्याचा घाव घालायचा असतो बुडात, तो तुटला पाहिजे." झालं, याहून चांगला अर्थ मला कुठे मिळाला नसता. तोडणे म्हणजे घावाने सुटणं. भाताची मूठ धरून विळा ओढायचा, म्हणून कापणी. शब्दामागे हत्यार आहे आणि हत्याराच्या मागे हाताची चाल.

कापणे शब्दाची अजून एक गंमत याच दरम्यान लक्षात आली. भीतीने थरथर कापणे आणि कांदा कापणे हे आपण आज सारखंच लिहितो पण ते दोन वेगळे शब्द आहेत. थरथरणारा 'कंप' वरून आलेला, जुन्या पुस्तकांत तो 'कांपणे' असा डोक्यावर अनुस्वार देऊन लिहिलेला दिसतो. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोन्ही एकसारखे दिसायला लागले. पण बोलताना आपण अजून गोंधळत नाही, कारण व्याकरण सांभाळून घेतं, 'तो कापला' म्हणजे थरथरला आणि 'त्याने कापला' म्हणजे कांदा. एक 'ने' सगळं सांगतो.

माझ्या मजल्यावर एक गुजराती काकू राहतात. त्यांना विळी दाखवायला नेली तर त्या म्हणाल्या आमच्यात 'शाक समारवुं' म्हणतात. समारवुं म्हणजे नीट करणं, नीटनेटकं करणं. ऑफिसमधली धारवाडची मैत्रीण म्हणाली कन्नडमध्ये भाजी 'हेच्चु', आणि हेच्चु म्हणजे वाढणं पण. म्हणजे गुजरातीत तरी घरातली भाजी कापली असं थेट म्हणत नाहीत, वेगळा चांगला शब्द वापरतात, आणि कन्नडमधला शब्दही ऐकायला मला तसाच वाटला. आपल्याकडे चिरणे अगदी थेट आहे, पण आपण नारळाच्या बाबतीत तेच करतो की, देवापुढे नारळ 'वाढवतो'. दुकानातला नारळ फोडतो, उद्घाटनाचा वाढवतो. दिवा विझवायचा तर वाढवतो, बांगडी फुटली तर वाढते. मैत्रिणीला हे सांगितलं तर तिने तिच्या आईला फोन लावला आणि दोघी अर्धा तास यावरच बोलत होत्या. तिच्याकडे विळीला 'ईळिगे मणे' म्हणतात, मला ते ऐकून सासूबाईंची इळीच आठवली.

आणि हो, भोपळा. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ना, ते विळीवर लाल भोपळा घेतला तेव्हा समजलं. साल इतकी टणक की पातं अर्ध्यात अडकतं, पुढे जात नाही आणि मागे येत नाही. आमच्याकडे आजी अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी कधी स्वतः लावायची नाही, घरातल्या पुरुषाला बोलवायची, तशी पद्धतच होती. मी अख्खा भोपळा या विळीवर घेऊ नका म्हणेन, आधी सुरीने चार फाका करा आणि मग फोडींसाठी विळी. एकदा जोर लावला तर पाट एका बाजूने उचलला गेला आणि मी घाबरले.

आता उणं काय ते. घडीच्या जागी जो स्क्रू आहे तो पंधरा दिवसांत ढिला झाला, पातं डुगडुगायला लागलं, आणि विळीचं पातं डुगडुगणं धोक्याचं आहे, तेव्हा दर आठवड्याला पान्याने आवळावा लागतो. पाटाची खालची बाजू नीट घासलेली नव्हती, कुसळ बोटात गेलं, मी पॉलिश पेपर आणून घासून घेतला, साडेपाचशे घेतल्यावर हे दुकानदाराने करून द्यायला हवं होतं. याचाच अर्धा मार्क गेला. नारळ खवायची चकती मात्र उत्तम आहे, दाते बारीक आणि चकतीला बाक बरोबर, करवंटीचं काळं येत नाही आणि खवलेल्या नारळाचा चव अगदी पांढरा शुभ्र पडतो. मोदकांसाठी पाच नारळ खवले, हात दुखले पण एकदाही दाता अडकला नाही.

लोखंडी पातं असल्याने गंजतं, हे घेतानाच समजून घ्या. काम झालं की लगेच धुवायचं, कोरडं पुसायचं आणि रात्री बोटभर खोबरेल फिरवायचं. कैरी, टोमॅटो, लिंबू झाल्यावर तर धुवायला एक मिनिट उशीर चालत नाही, पातं काळं पडतं आणि पुढच्या भाजीला लोखंडाचा वास येतो. फळं मी त्यावर चिरतच नाही, सफरचंद काळं पडतं. पण मग स्टीलचं का नाही घेतलं? तर दुकानदाराने दोन्ही समोर ठेवली आणि सांगितलं, "ताई, स्टीलची चमक राहते, लोखंडाची धार राहते." आणि घरी आधी होती ती स्टीलची पातळ पत्र्याची विळी तीन महिन्यांत बोथट झाली होती, धार लावली तरी टिकली नाही. याला आमच्याकडे सायकलवरचा धारवाला येतो त्याच्याकडून एकदा धार लावून घेतली, चाळीस रुपये, त्याने फक्त चाकावर न धरता शेवटी कानशीने हलका हात मारला, आणि त्या दिवशी टोमॅटो नुसता पात्यावर ठेवला तर स्वतःच्या वजनाने चिरला गेला. खरं सांगते, इतकं समाधान वाटलं.

घरात लहान मूल असेल तर घडीची विळीच घ्या आणि उठताना पातं पाडूनच उठा, एका मिनिटासाठी सुद्धा उभी ठेवू नका. दाराची बेल वाजली तरी आधी विळी पाडायची. आजीचा हाच एक नियम होता जो तिने कधीच सोडला नाही. आणि गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर ही वस्तू तुमच्यासाठी नाही, ओट्यावर ठेवायच्या छोट्या विळ्या मिळतात पण त्यावर पाय दाबता येत नाही त्यामुळे पाट सरकतो, त्यापेक्षा चांगली जड सुरी बरी.

चॉपर परत गेला नाही, परतीची मुदत संपली होती. दाण्याचं जाडसर कूट आणि लसूण-मिरचीचा ठेचा त्यात छान होतो, त्यासाठी ठेवलाय. खोक्यावर मी मार्करने 'चिरा' खोडून 'ठेचा' लिहिलंय आणि काल कामवाल्या ताईंनी ते वाचून विचारलं, मग कांदा कशात करू, तर मुलगा आतून ओरडला, विळीवर चिरा.